लाल शाईतला शेरा



'पेपर फुटला' असे कुणी म्हटले की आपल्याला पहिल्यांदा आठवते ती परीक्षा. २०२१ साली आपल्या राज्यात आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला होता. २०२४ साली 'नीट' परीक्षेवरून देशभर गदारोळ झाला आणि त्याच वर्षी केंद्राचा पेपरफुटीविरोधी कायदाही अमलात आला. पण सरकारी कपाटातला गुप्त कागद बाहेर आला, तरी तोही 'फुटला' असेच आपण म्हणतो. मी कविता लिहिणारा माणूस. शब्द उलटेसुलटे करून पाहण्याची मला खोड आहे. 'फुटणे' हे क्रियापद मोठे मजेशीर आहे. मडके फुटते, धरण फुटते, घर फुटते, बिंग फुटते. पण झाडाला पालवीही फुटते, गाईला पान्हा फुटतो आणि मुक्याला वाचा फुटते. गुपित फोडणारा तो घरभेदी आणि अन्यायाला वाचा फोडणारा तो सज्जन. आता एखाद्याने एकाच कागदाने या दोन्ही गोष्टी केल्या, तर त्याला काय म्हणायचे?

विषय मोठा आणि माझा अधिकार लहान. बी.ए. झाल्यावर मी एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो, तोही आवक-जावक विभागात. कचेरीत येणारा प्रत्येक कागद आधी बारनिशीत नोंदवायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि मग ज्याच्या त्याच्या टेबलावर पाठवायचा, एवढे ते काम. लिफाफ्यावर 'गोपनीय' लिहिलेले असेल तर तो फोडायचा नाही, बंदच साहेबांकडे न्यायचा. पोट या बारनिशीवर चालले. कवितेने फार तर चहापाणी सुटले.

१९९६ सालचा पावसाळा. एक दिवस टपालात साधाच लिफाफा आला. मी फोडला, कागद नोंदवला. शहराच्या एका टाकीतून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांचा तपासणी अहवाल होता आणि शेवटच्या रकान्यात शेरा होता, 'पिण्यास अयोग्य'. मी तो साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी दोनदा वाचला, खिशातले लाल पेन काढले आणि वरच्या कोपऱ्यात लिहिले, 'गोपनीय'. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "फेरतपासणी होईपर्यंत वाच्यता नको. निवडणूक तोंडावर आहे."

म्हणजे कागद आला तेव्हा उघडा होता. माझ्या डोळ्यांदेखत तो गुप्त झाला.

ती टाकी आमच्या मोहल्ल्याला पाणी देणारी. मी घरी गेलो आणि बायकोला सांगितले, आजपासून पाणी उकळूनच प्यायचे, आणि कुणाला बोलू नकोस. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी माझ्या अम्मीचे लक्ष स्टोव्हकडे गेले. रॉकेल तेव्हा रेशनवर मिळायचे, त्यासाठी रांगेत तीच उभी राहायची. पाण्याच्या पातेल्याखाली रॉकेल जळते म्हणजे काहीतरी कारण असणार. तिने विचारले आणि मी सांगितले.

इथे अम्मीविषयी थोडे सांगायला हवे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांची बँक म्हणजे अम्मीची पत्र्याची पेटी होती. कुणाच्या शिलाईचे पैसे, कुणाची नवऱ्यापासून लपवलेली अंगठी, कुणाच्या भिशीची रक्कम, सगळे रुमालाच्या गाठीत बांधून त्या पेटीत. मुसलमान बाया होत्या, माळ्यांच्या होत्या, एक कासारीणही होती. अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हते. कुठली गाठ कुणाची हे तिला कापडावरून कळायचे. तिचा एकच शब्द होता, अमानत. आपल्या मराठीतही तो आहे. निवडणुकीत उमेदवाराची 'अनामत' जप्त होते ना, ती हीच. एकदा एक नवरा दारू पिऊन आमच्या दारात उभा राहिला, बायकोने किती ठेवलेत ते सांगा म्हणून. अम्मी म्हणाली, मला मोजता येत नाही. तिला मोजता येत होते, पैपर्यंत.

अशा बाईने माझे बोलणे ऐकले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला विचारले, "पानी क्या तेरे साहब की अमानत है?" उत्तराची वाट न बघता पायांत चपला घातल्या आणि बाहेर पडली. मगरिबच्या अजानपर्यंत आमच्या गल्लीत घरोघर पाणी उकळत होते. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दोन गल्ल्यांत. आणखी दोन दिवसांनी गावातल्या एका साप्ताहिकात चौकट आली. टाकी मात्र झोपडपट्टीलाही पाणी देत होती आणि तिथे ही खबर सगळ्यांत उशिरा पोहोचली. गॅस्ट्रोचे रुग्ण तिथूनच निघाले.

त्या सुरुवातीच्या दोन दिवसांचा हिशेब माझ्याकडे आहे. मी गुपित पाळले असे मला म्हणता येत नाही. मी ते फोडलेच होते, पण परीक्षेचा पेपर फोडणारे फोडतात तसे. आपल्या घरापुरते.

कचेरीत चौकशी झाली, तिचे काय झाले ते पुढे सांगतो.

पुढे काही वर्षांनी डॅनियल एल्सबर्ग या अमेरिकन माणसाची हकीकत वाचनात आली आणि ती मी अधाशासारखी मिळेल तिथून वाचत गेलो. गुप्त कागदांवरच्या वादात त्याचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. हा काही सरकारविरोधी घोषणा देत मोठा झालेला तरुण नव्हता. नौसैनिक दलात अधिकारी राहिलेला, हार्वर्डचा डॉक्टरेट, संरक्षण खात्यात काम केलेला आणि दोन वर्षे व्हिएतनाममध्ये काढलेला माणूस. १९६७ साली संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी व्हिएतनामबाबत अमेरिकेने कसकसे निर्णय घेतले याचा एक गुप्त अभ्यास करवून घेतला. सुमारे सात हजार पाने, सत्तेचाळीस खंड, प्रती फक्त पंधरा. त्यांतली एक रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत होती आणि एल्सबर्ग तिथे नोकरीला होता. त्याने ते खंड वाचले. ट्रुमनपासून जॉन्सनपर्यंत चार अध्यक्षांच्या राजवटींत जनतेला एक सांगितले गेले होते आणि कागदावर दुसरेच लिहिले गेले होते, हे त्याला पानापानावर दिसले. युद्ध चालूच होते, माणसे मरतच होती.

१९६९ च्या ऑक्टोबरात त्याने ती पाने ब्रीफकेसमधून बाहेर न्यायला सुरुवात केली. रात्री न्यायची, सकाळी परत ठेवायची. लॉस एंजेलिसमधल्या एका लहानशा जाहिरात संस्थेच्या कचेरीत झेरॉक्सचे यंत्र होते, तिथे तो आणि अँथनी रुसो हा त्याचा मित्र रात्रभर कागद उलटत बसायचे. त्या काळचे यंत्र. एकेक पान काचेवर ठेवायचे, उचलायचे, पुढचे ठेवायचे. एके रात्री त्याने आपल्या दोन्ही मुलांना बरोबर नेले. तेरा वर्षांचा मुलगा यंत्र चालवायला बसला आणि दहा वर्षांची मुलगी कात्री घेऊन पानांच्या वरचा-खालचा 'परमगुप्त' हा शिक्का कापायला बसली.

त्या मुलीचे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्या साहेबांनी एका कागदावर शिक्का चढवला होता. ही पोरगी हजारोंमधून तो कातरत होती. बापाने मुलांना अशा कामात घ्यावे का, हा प्रश्न मला अजूनही पडतो. आपण तुरुंगात गेलो तर बाप वेडा नव्हता, शांत डोक्याने काम करत होता, हे मुलांनी पाहिलेले असावे, असे त्याचे म्हणणे होते. मला ते पुरते पटत नाही. पण मी माझ्या मुलांना पाणी उकळण्याचे कारणसुद्धा सांगितले नव्हते.

त्याने कागद घेऊन सरळ वर्तमानपत्र गाठले असेही नाही. आधी सिनेटरांकडे गेला. संसदेत हे मांडा म्हणाला. कुणी ते अंगावर घेईना. तेव्हा कुठे 'न्यूयॉर्क टाइम्स'चा बातमीदार नील शीहान याच्याकडे तो वळला. १३ जून १९७१ रोजी पहिला लेख छापून आला. तीन दिवसांत सरकारने न्यायालयातून मनाई आणली. मग 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापायला सुरुवात केली, त्यालाही मनाई आली, तर कागद पुढच्या पत्राकडे गेले. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वर्तमानपत्रांच्या बाजूने निकाल दिला. कागद फोडणे कायदेशीर आहे असे न्यायालय म्हणाले नाही, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे. छपाईला आधीच बंदी घालण्याइतके सबळ कारण सरकार दाखवू शकले नाही, एवढेच ते म्हणाले. एल्सबर्गवरचा खटला निराळाच होता. सगळे आरोप सिद्ध झाले असते तर त्याला एकशे पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकली असती.

तो सुटला, पण निर्दोष ठरून सुटला नाही. गळती थांबवण्यासाठी निक्सन यांच्या कार्यालयाने एक गुप्त पथक उभे केले होते. गळती बुजवणारे म्हणून त्यांना 'प्लंबर' म्हणत. एल्सबर्गची बदनामी करता येईल असे काही मिळावे म्हणून या प्लंबरांनी सप्टेंबर १९७१ मध्ये त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडला. हे उघडकीस आले आणि सरकारच्या गैरवर्तनामुळे ११ मे १९७३ रोजी न्यायाधीशांनी सगळा खटलाच मोडीत काढला. राज्याचे गुपित राखण्यासाठी सरकार एका माणसाचे, डॉक्टर आणि रुग्णाच्या मधले, गुपित चोरायला गेले होते. या सगळ्या वादाचे मर्म मला त्या फोडलेल्या दवाखान्यात दिसते.

आणखी दोन गोष्टी या प्रकरणातल्या मला महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे सत्तेचाळीस खंडांपैकी चार खंड एल्सबर्गने वर्तमानपत्रांना दिलेच नाहीत. त्यांत युद्ध थांबवण्यासाठी परद्वारे चाललेल्या वाटाघाटींची माहिती होती. ती बाहेर आली तर तडजोडीची वाट बंद होईल असे त्याला वाटले. म्हणजे सरकारचे गुपित फोडणारा माणूसही काही गुपिते राखत होता. दुसरी गोष्ट २०२१ साली, नील शीहान वारल्यानंतर बाहेर आली. एल्सबर्गने त्याला सांगितले होते की कागद वाच, टिपणे घे, पण प्रत काढू नकोस. शीहानने तो सुट्टीवर गेल्याचे पाहून बायकोच्या मदतीने सगळ्याची प्रत काढली आणि एल्सबर्गला न कळवता छपाई सुरू झाली. ज्याने विश्वासाचे कागद फोडले, त्याचाही विश्वास असा फुटला. आमच्याकडे याला 'अमानत में खयानत' म्हणतात. इथे खयानतीतही खयानत होती.

आणि देशाचे नुकसान किती झाले? सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे इर्विन ग्रिस्वोल्ड यांनी १९८९ साली स्वतःच लिहिले, की त्या प्रकाशनामुळे देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचल्याचा मागमूसही आपल्याला दिसलेला नाही. २०११ साली अमेरिकेने ती सगळी पाने अधिकृतपणे खुली केली. एल्सबर्ग जून २०२३ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी वारला.

आपल्याकडची एक गोष्ट इथे आठवते. पेशवाई १८१८ साली बुडाली. ते राज्य गेले, त्याचे शत्रू गेले, मित्र गेले. पण पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल इंग्रजांनी अभ्यासकांना मोकळे केले नाहीत. राजवाड्यांसारख्या माणसाला गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून कागद गोळा करत हिंडावे लागले. गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली त्या दप्तरातले निवडक पंचेचाळीस भाग निघाले ते १९३० नंतर. मेलेल्या राज्याचे कागदसुद्धा जिवंत राज्याला गुप्त ठेवावेसे वाटतात.

पण काळ बदलला आणि फोडण्याची रीतही बदलली. २०१० साली मॅनिंग नावाच्या तरुण अमेरिकन सैनिकाने गाण्यांची सीडी असल्याचे भासवून लाखो कागद बाहेर नेले. त्यात परराष्ट्र खात्याच्या अडीच लाखांहून अधिक तारा होत्या. त्यांतून इराकमधल्या युद्धाचे जे रूप दिसले ते जगाला कळायलाच हवे होते, असे माझे मत आहे. परंतु एल्सबर्गने प्रत्येक पान काचेवर ठेवताना हातात धरले होते. काय देतो आहोत हे त्याला ठाऊक होते, म्हणून काय द्यायचे नाही हेही ठाऊक होते. अडीच लाख तारा कोण वाचणार? सप्टेंबर २०११ मध्ये 'विकिलीक्स'ने त्या सगळ्या जशाच्या तशा, माणसांची नावे न झाकता, जगापुढे टाकल्या. आधी त्यांच्याबरोबर काम केलेल्या वर्तमानपत्रांनीही त्याचा निषेध केला. दूर कुठल्या देशात, विश्वासाने अमेरिकी वकिलातीत जाऊन दोन शब्द बोललेला शिक्षक, कार्यकर्ता, वकील. त्याचे नाव कुणाची मालमत्ता होते? माझी अम्मी असती तर म्हणाली असती, की नवरा दारू पितो म्हणून तुम्ही सगळ्या गल्लीच्या गाठी चौकात सोडल्यात.

मॅनिंगला पस्तीस वर्षांची शिक्षा झाली, ती ओबामांनी कमी केली आणि २०१७ साली सुटका झाली. २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या हवाई दलातला एकवीस वर्षांचा एक पोरगा सापडला. त्याने युक्रेन युद्धाविषयीचे गुप्त कागद इंटरनेटवरच्या मित्रांच्या टोळक्यात टाकले होते. विवेक नाही, पैसा नाही, नुसती फुशारकी. त्याला पंधरा वर्षे झाली. त्याच्याविषयी मला फारसे बोलावेसे वाटत नाही.

एडवर्ड स्नोडेनविषयी मात्र बोलले पाहिजे. जून २०१३ मध्ये त्याने हाँगकाँगमधल्या हॉटेलच्या खोलीतून पत्रकारांना कागद दिले आणि आपले नाव लपवले नाही. त्या कागदांत कुठल्या शत्रूची तोफ कुठे आहे हे नव्हते. कोट्यवधी सामान्य माणसांनी कुणाला, केव्हा फोन केला याच्या नोंदी सरकार गुपचूप साठवत आहे, हे होते. 'गार्डियन'ने छापलेल्या एका तक्त्यात मार्च २०१३ या एका महिन्यात आपल्या भारतातून सहाशे तीस कोटी नोंदी गोळा केल्याचे दिसत होते. ती पद्धत अमेरिकी संसदेने २०१५ साली बंद केली आणि २०२० साली तिथल्या अपील न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. ज्याने हे सांगितले तो मात्र रशियात अडकला आणि २०२२ साली तिथला नागरिक झाला. कोणी म्हणेल, पळाला कशाला? एल्सबर्गसारखे न्यायालयात उभे राहायचे होते. याचे उत्तर एल्सबर्गनेच दिले होते. आपल्याला खटला चालू असताना जामिनावर बोलता येत होते, स्नोडेनला ते मिळाले नसते, असे त्याचे म्हणणे होते. तरीही आपल्या देशाचे गुपित उघड करून दुसऱ्या, त्याहून बंदिस्त देशाच्या आश्रयाला जावे लागणे ही गोष्ट मला खुपते. मी त्याला दोष देत नाही, पण ती खुपते.

आपल्या देशात शासकीय गुपिते अधिनियम आहे तो १९२३ सालचा. साहेब गेले, कायदा राहिला. २००५ साली माहितीचा अधिकार आला. त्याआधी आपल्या महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला होता आणि त्यामागे अण्णा हजारे यांचे आंदोलन होते, हे आपण जाणता. त्या २००५ च्या कायद्यात आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम आहे. माहिती उघड करण्यातले जनहित तिच्यामुळे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर १९२३ चा कायदा असूनही ती देता येते. मला हे पोटकलम फार आवडते. २०१९ साली राफेल विमानांच्या खरेदीविषयी 'हिंदू'ने संरक्षण खात्याचे कागद छापले, तेव्हा सरकारच्या वतीने सांगितले गेले की ते कागद पाहूच नयेत. १० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला आणि निकालात १९७१ च्या त्याच अमेरिकी खटल्याचा दाखला दिला. पुढे नोव्हेंबरात मूळ पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या. पण कागद कसा आला यापेक्षा त्यात काय आहे हे न्यायालयाने पाहावे, एवढे ठरले.

दुसरी बाजू मला समजते. मी कारकून होतो. उद्या प्रत्येक कारकुनाने 'हे जनहिताचे आहे' असे मनाशी ठरवून बारनिशी गावात वाचून दाखवली तर राज्य चालणार नाही. पोलीस छाप्याला निघायच्या आधी चोराला कळेल. बलात्कारित मुलीचा जबाब पानटपरीवर वाचला जाईल. माझ्या त्या साहेबांचे चुकले हे मला कळले. पण मला दर वेळी बरोबर कळेल कशावरून? म्हणून कुणीतरी तिसरे माणूस हवे, जिथे जाऊन सांगता येईल. तशी जागा आपण नीट केली का?

सत्येंद्र दुबे हे नाव श्रोत्यांना आठवत असेल. आयआयटी कानपूरचा अभियंता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात नोकरीला. बिहारमधल्या रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार त्याने पाहिला. त्याने कागद कुठल्याही वर्तमानपत्राला दिले नाहीत. २००२ साली त्याने थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासकट एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया शहरात त्याला गोळी घालून मारले. तपासात लुटीचा हेतू सांगितला गेला, २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. पण आवक-जावक विभागात आयुष्य काढलेल्या मला दिसते ते एवढेच, की कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी ते पत्र उघडले, क्रमांक टाकला, पुढे पाठवले. तिथे 'गोपनीय' असा शेरा मारायला कुणाच्याही हातात लाल पेन नव्हते. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला २०१४ साली, आणि त्यानंतर वर्षामागून वर्षे गेली तरी तो अमलात आणणारी अधिसूचना निघाली नाही.

आता या सगळ्यात विदासुरक्षा, ज्याला आपण सरळ 'डेटा' म्हणतो, ती कुठे येते? माझ्या मते नेमकी इथेच येते. सरकारच्या कपाटात दोन तऱ्हेचे कागद असतात. काही सरकारने केलेले, काही आपण दिलेले. आपला ठसा, आपला पत्ता, आपला आजार, आपले बँकखाते. ही आपली अनामत आहे. २०१५ साली अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून दोन कोटी पंधरा लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले, त्यात छप्पन लाख लोकांचे बोटांचे ठसे होते. पासवर्ड बदलता येतो, बोट कसे बदलणार? जानेवारी २०१८ मध्ये 'ट्रिब्यून'च्या बातमीदार महिलेने पाचशे रुपयांत आधारच्या नोंदी पाहता येतात असे दाखवले, आणि पहिला गुन्हा नोंदवला गेला त्यात तिचेच नाव होते. प्राधिकरणाने ठसे सुरक्षित असल्याचे सांगितले. कुणी म्हणेल, त्याआधीच ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता, २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही झाला. झाला. पण त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलमात बदल केला आणि 'वैयक्तिक' या एका शब्दाखाली अधिकाऱ्यांविषयीची माहितीही झाकली जाईल, अशी भीती माहिती अधिकाराचे कार्यकर्ते बोलून दाखवू लागले. आपल्याला पांघरूण हवे होते. ते देता देता साहेबांनी निम्मे स्वतःच्या अंगावर ओढले, असे काहीसे.

चौकशीचे सांगायचे राहिले.

१९९६ च्या त्या चौकशीत साहेबांनी एकेकाला बोलावले. मी 'मला ठाऊक नाही' म्हणालो. संशय गेला आमच्या विभागातल्या शिपाईमामांवर, कारण कागद टेबलांवरून हिंडवायचे काम त्यांचे. त्यांची बदली पन्नास किलोमीटरवरच्या गावी झाली. मुलगी लग्नाची होती. त्यांनी एक अर्ज केला, तो माझ्याच हातून बारनिशीत गेला, आणि मी त्याला क्रमांक दिला. अम्मीला हे मी कधी सांगितले नाही. तिने तर मला त्याच दिवशी ओढत साहेबांपुढे नेले असते.

माहितीचा अधिकार आल्यावर, स्वतः सरकारी नोकर असताना, मी एका परिचिताकडून त्या अहवालासाठी अर्ज टाकवला. उत्तर आले, कागद 'ड' वर्गातला होता, मुदतीनंतर नष्ट करण्यात आला. बदलीचा आदेश मात्र मामांच्या सेवापुस्तकात चिकटलेला असणार. सेवापुस्तक इतक्या लवकर नष्ट होत नाही.

मामा निवृत्त झाल्यावर एकदा एसटी स्टँडवर भेटले. चहा घेतला. मी धीर करून विषय काढला, की मामा, ते पाण्याचे प्रकरण, माझ्यामुळे तुम्हाला... त्यांनी हाताने थांबवले. म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या आईंनी त्या सांजेला आमच्या सुनेलाबी सांगितलं हुतं. मला पयल्या दिवसापासनं ठावं हाय."

मी विचारले, मग साहेबांना सांगितले का नाही?

ते बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "म्हातारीचं नाव कसं घ्यायचं?" मग थोड्या वेळाने, "आता पानी कसं हाय तिकडचं?"

मी म्हटले, नवे शुद्धीकरण केंद्र झाले आहे, बरे आहे. आमच्या घरी मात्र अजून उकळूनच पितात.